पानी खारा हाय का गोडा?

शनिवारी आमची सकाळची शाळा. साडेअकराला मुलं सुटली. मी मस्टर कपाटात ठेवत होतो, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "चाचा, आपली होडी शिडावर येतेय."

एवढंच बोलला आणि गप्प झाला.

खाडीकाठच्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. आज आमच्याकडे मासेमारीला जाणारी होडी इंजिनावर जाते आणि इंजिनावरच येते. शीड बहुतेकांनी विकलं, फाडून ताडपत्री केली, नाहीतर माळ्यावर उंदरांना दिलं. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे भाईने, ते अजून होडीत ठेवलेलं आहे. अब्बांची ताकीद होती. "इंजिन माणसानं बनवलंय, ते कधीतरी बंद पडणारच. वारा बंद पडला तरी परत येतो." लोक हसायचे. पण भाई शीड उघडतो म्हणजे इंजिन गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये इंजिन गेलं म्हणजे घरातलं बरंच काही गेलं.

शाळा खाडीच्या पलीकडे, गुहागरच्या बाजूला. घर दाभोळला. मध्ये वाशिष्ठीची खाडी आणि धोपाव्याची फेरीबोट. फेरीबोट मध्यावर आली तेव्हा मला होडी दिसली. ठिगळं लावलेलं मातकट शीड, आणि त्यात पोटभर भरलेला वारा. पाचवी-सहावीच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, आठवत असेल. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ते खारे वारे. रात्री उलट, ते मतलई. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न. त्या दिवशी त्याच दोन मार्कांवर माझा भाऊ घरी येत होता. दिसायला दृश्य इतकं सुंदर होतं की फेरीतल्या पर्यटकांनी मोबाइल काढले. मला मात्र हौस वाटत नव्हती.

धक्क्यावर पोचलो तेव्हा भाई इंजिनाच्या खोलीत वाकलेला. त्याने मला ऑईलची पट्टी दाखवली. पट्टीवर काळं तेल हवं. तिथं दुधाचा चहा होता. तसाच रंग, तसाच दाटपणा, वर बारीक फेस. आणि वरच्या खुणेपेक्षा दोन बोटं जास्त. अनाडी माणूस म्हणेल, तेल वाढलं की, चांगलंच झालं. तेल कधी वाढत नसतं. ते एकतर जळून कमी होतं नाहीतर गळून. चेंबरमध्ये तेल वाढलं याचा अर्थ त्यात दुसरं काहीतरी शिरलं. डिझेल शिरलं तर ते पातळ होतं, काळंच राहतं. चहा होतो तो फक्त पाण्याने.

भाईने ते समुद्रात असतानाच बघितलं आणि त्याच क्षणी इंजिन बंद केलं. हे त्याने फार शहाणपणाचं केलं. तेलाचं काम दोन लोखंडांच्या मध्ये पातळ पडदा धरून ठेवायचं. पाणी मिसळलेलं तेल तो पडदा धरत नाही. आणखी तासभर चालवलं असतं तर बेअरिंगं गेली असती, आणि मग इंजिनाची किंमत भंगारच्या काट्यावर ठरली असती.

इथवर सगळं ठीक. पण इंजिनाच्या खोलीतून वर आल्यावर भाईने जे केलं ते ठीक नव्हतं.

होडीवर तीन खलाशी. त्यातला सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांचा, माझा जुना विद्यार्थी. दहावीला गणितात बसला, मराठीत मात्र पासष्ट मार्क. मीच भाईला सांगून त्याला होडीवर लावला होता. त्या दिवशी पहाटे इंजिन थंडीने लागत नव्हतं, तेव्हा हाच स्टार्टर मारत होता. भाईचं म्हणणं, समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा ठेवून याने एवढा वेळ स्टार्टर मारला की पाणी सायलेन्सरमधून उलटं इंजिनात गेलं.

हा आरोप हवेतला नव्हता. आमचं इंजिन जरा वेगळं आहे. कोकणातल्या बहुतेक होड्यांचा धूर उभ्या पाइपातून वर जातो. आमचं तीन सिलिंडरचं इंजिन मूळचं मुंबईतल्या कुणा हौशी माणसाच्या शिडाच्या बोटीतलं. ती बोट मोडीत निघाली तेव्हा भाईने दारुखान्यातून ते सेकंडहँड आणलं. अशा बोटींत धुराच्या पाइपात समुद्राचं पाणी सोडतात. धूर थंड होतो, आवाज कमी होतो, आणि दोन्ही मिळून बोटीच्या मागून बाहेर पडतं. इंजिन चालू असलं की धुराचा जोर पाण्याला बाहेर ढकलतो. पण इंजिन लागतच नसेल आणि तुम्ही नुसता स्टार्टर मारत राहिलात तर पंप पाणी ओढत राहतो, ढकलायला धूर नसतो, सायलेन्सरचा डबा भरतो आणि पाणी मागच्या दाराने सिलिंडरमध्ये येतं. म्हणून इंजिन लागेना झालं की आधी कॉक बंद करायचा असतो. हे भाईने त्या पोराला शिकवलेलं होतं.

"मी बंद केला होता," पोरगा म्हणाला. "आणि भाई, मी तुम्हाला चार दिवस झाले सांगतोय..."

"काय सांगतोस? हिशेब घे आणि चालू पड."

धक्क्यावर पंधरा-वीस माणसं होती. लिलावाची वेळ होती. पोराने माझ्याकडे एकदा बघितलं. त्याचं वाक्य अर्धवट राहिलं होतं, आणि अर्धवट वाक्य पूर्ण करून घेणं हे तर माझं रोजचं काम. मी काही विचारलं नाही. भाई तापलेला होता, चारचौघांत थोरल्या भावाला काय बोलायचं, संध्याकाळी समजावू, असं मनाशी म्हटलं. पोराने आपली पिशवी उचलली आणि गेला.

संध्याकाळी तात्या मिस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढं. अब्बांच्या होडीला पहिलं इंजिन बसलं ते यांच्याच हातून. ते भाईला नाखवा म्हणतात आणि मला मास्तर. (नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आला. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे मालक. हे मी एकदा तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मालक बँक असते, मास्तर. नाखवा नुसता हप्ता भरतो.") त्यांनी पट्टी बघितली, बोटांत तेल चोळलं, वास घेतला, आणि भाईची सगळी फिर्याद ऐकून घेतली. मग म्हणाले, "नाखवा, पानी खारा हाय का गोडा, ता आधी बघूया."

हा एवढाच प्रश्न. पण त्याच्यात अर्धं काम होतं.

आमच्या इंजिनात दोन पाणी फिरतात. एक आतलं, गोडं. ते हेडमधून, सिलिंडरभोवतीने फिरतं आणि त्याची वरती छोटी टाकी असते, गाडीच्या रेडिएटरसारखी. दुसरं बाहेरचं, खारं. ते पंपाने समुद्रातून येतं, आतल्या गोड्या पाण्याला थंड करतं, ऑईल कूलरमध्ये तेलाला थंड करतं आणि शेवटी धुराबरोबर बाहेर जातं. तेव्हा तेलातलं पाणी गोडं निघालं तर हेड गॅसकेट फुटलंय, हेडला चीर आहे किंवा लायनरची रबरी रिंग गेली. खारं निघालं तर सायलेन्सर, पंप नाहीतर कूलर. थोडंसं पाणी हवेतल्या दमटपणानेही जमतं, इंजिन रोज पाच-दहा मिनिटंच चालवलं आणि नीट तापलंच नाही तर. पण त्याने झाकणाला आतून साय लागते, दोन बोटं तेल वाढत नाही.

रात्री इंजिन तसंच ठेवलं. मिसळलेलं पाणी सगळं सुटत नाही, पण जास्तीचं जड असतं, ते तळाला बसतं. रविवारी सकाळी तात्यांनी चेंबरचा खालचा बोल्ट अगदी दोन आटे सैल केला. आधी तेल यायला हवं होतं. थेंबथेंब गढूळ पाणी आलं. पाऊण बाटली भरली, मग चहा सुरू झाला.

तात्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारा."

भाईनेही लावलं, थुंकला. "मला तर नुसतं तेल लागतंय."

मी लावलं नाही. डिझेल आणि जळकं तेल तोंडात घालायची गोष्ट नव्हे, तुम्हीही घालू नका. पुतण्याने इंटरनेटवर वाचलं होतं की तेलाचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकायचा, पाणी असेल तर तडतडतो. ते खरं आहे, पण भाभी तवा द्यायला तयार होईना. शेवटी डब्याच्या पत्र्यावर टाकला. पापड तळल्यासारखा आवाज आला. तिथंच हेही लक्षात आलं की याचा उपयोग नाही. पाणी आहे हे आम्हाला माहीतच होतं. ते कुणाचं आहे, हे पत्रा सांगत नव्हता.

तेव्हा मला शाळेची प्रयोगशाळा आठवली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बीएडचा होडीला काही उपयोग होईल असं वाटलं. हे विनोदाने लिहितोय, पण घरात हा विषय विनोदाचा नाही. भाईने नववीत शाळा सोडली आणि अब्बांबरोबर जाळं ओढलं. मी उर्दू माध्यमातून दहावी झालो, कॉलेजला गेलो, उर्दू आणि मराठी अशा दोन अध्यापन पद्धती घेऊन बीएड केलं. त्या वर्षाची फी अम्मीच्या बांगड्यांतून आणि भाईच्या एका हंगामाच्या मासळीतून आली. त्याने हे कधी बोलून दाखवलेलं नाही. म्हणून ते जास्त लागतं.

तीन स्वच्छ बाटल्या घेतल्या. एकीत चेंबरमधून निघालेलं पाणी, दुसरीत आमच्या विहिरीचं, कारण आतल्या टाकीत भाई तेच भरतो, तिसरीत खाडीच्या तोंडाचं समुद्राचं. परत फेरी पकडली. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम धोपाव्यातच राहतात, किल्ली त्यांच्याकडे असते. रविवारी दारात उभा राहिलेला मराठीचा मास्तर आणि त्याच्या हातात तीन बाटल्या बघून त्या जरा दचकल्या. कारण ऐकलं आणि चप्पल घालूनच आल्या.

परीक्षा सोपी आहे. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण. ते तपकिरी बाटलीत ठेवतात, कारण उजेडाने खराब होतं. मिठातला क्लोराइड भेटला की त्यातली चांदी त्याला धरते आणि पांढरा साका तयार होतो. मॅडमनी आधी चेंबरचं पाणी गाळणकागदातून दोनदा गाळलं. मग तीन परीक्षानळ्या. विहिरीच्या पाण्यात थेंब टाकले तर नुसतं धुरकट झालं. थोडं मीठ कुठल्याही विहिरीत असतंच, आणि आमची विहीर खाडीपासून लांब नाही. समुद्राच्या पाण्यात टाकले तर दही फाटल्यासारखं झालं. आता मधली नळी.

खरं सांगतो, मी मनातून गोड्या पाण्याची दुआ मागत होतो. गोडं निघालं असतं तर गॅसकेट. गॅसकेट वयाने जातं, कुणाच्या चुकीने नाही. पोरगा सुटला असता, भाईचाही मान राहिला असता.

दही फाटलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, बाटली नीट धरा, बोटाला लागलं तर डाग पडतो." तोवर लागलं होतं.

मी परत आलो आणि सांगितलं. भाईने हात झटकले. "मग? खारं म्हणजे सायलेन्सर. सायलेन्सर म्हणजे तो." तात्या विडी पेटवत म्हणाले, "खारा म्हणजे तीन दारां. आपण एकच उघडलाव."

मला इथं एक गंमत सुचली, ती मी वर्गात नेहमी सांगतो. उर्दूत याला तशखीस म्हणतात, हकीम करतात ती. मराठीत शब्द आहे निदान. पण मराठीत निदानचा दुसरा अर्थ होतो 'कमीत कमी'. निदान एवढं तरी कर. निदान विचारून तरी बघ. परभाषेतून मराठी शिकणाऱ्या माझ्या मुलांना हा एक शब्द दोन ठिकाणी बघून गोंधळ होतो. त्या दिवशी तो मला तात्यांच्या हातात एकाच ठिकाणी दिसला.

पहिलं दार, सायलेन्सर. तात्यांनी तिन्ही नोझल काढले. हे महत्त्वाचं. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि तुम्ही स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढले की पाण्याला वर यायला वाट मिळते. मग इंजिन हाताने फिरवलं. नोझलच्या भोकांवर धरलेलं फडकं कोरडं राहिलं. धुराचा मॅनिफोल्ड उघडला. आत कोरडी काजळी, मखमलीसारखी. खारं पाणी त्या वाटेने आलं असतं तर काजळी धुतली गेली असती, पांढरे ओघळ दिसले असते, एका रात्रीत गंज धरला असता. तात्यांनी बोटाने काजळी काढली आणि काही न बोलता भाईच्या समोर धरली. भाईने ती बघितली. तोही काही बोलला नाही.

दुसरं दार, पंप. समुद्राच्या पाण्याचा पंप इंजिनाच्या गिअरवरच बसतो. त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तेल, मध्ये दोन सील. दोन सिलांच्या मधोमध खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, कुठलंही सील गेलं तर गळती आत न जाता बाहेर पडावी म्हणून. ज्या कुणी हे भोक योजलं त्याला सलाम. मात्र ते चिखलाने किंवा रंगाने बुजलेलं असेल तर सलामाचा उपयोग नाही. तात्यांनी तार घालून बघितलं. मोकळं होतं आणि कोरडं होतं.

राहिला कूलर. तो काढायचा म्हणजे दोन तासांचं काम, अडचणीची जागा, गंजलेले बोल्ट. भाई म्हणाला उद्या करू. मी बाहेर आलो आणि पोराला फोन लावला. खरं तर शनिवारीच लावायला हवा होता.

"तू चार दिवस काय सांगत होतास?"

तिकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "सर, इंजिन चालू असताना मागच्या पाण्यावर रंग दिसायचे. तेलाचे. इंद्रधनुष्यासारखे. भाईंना म्हटलं तर म्हणाले, तू डिझेल भरताना सांडलंस."

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी विडी टाकून दिली आणि पाना उचलला. उद्यापर्यंत थांबले नाहीत.

ते रंग काय सांगतात ते बघा. इंजिन चालू असताना कूलरमधल्या तेलाला तीन-चार किलोचा दाब असतो. बाजूच्या खाऱ्या पाण्याला अर्धा किलोही नाही. दोघांच्या मधल्या नळीला भोक पडलं तर चालू इंजिनात तेल पाण्यात जाणार आणि मागून बाहेर पडणार. म्हणून रंग. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्य. पण आमच्या इंजिनाचा कूलर पाण्याच्या रेषेच्या खाली आहे आणि कॉक उघडा. आता समुद्र दाबतो, आणि त्याच भोकातून तेलाच्या बाजूला येतो. दिवसा तेल समुद्रात, रात्री समुद्र तेलात. भोक बारीक होतं तोवर चार दिवस नुसते रंग दिसले. शुक्रवारी रात्री ते मोठं झालं असणार.

आणि रात्री कॉक उघडा का? कारण भाईचाच हुकूम होता. मागे एकदा कॉक बंद ठेवून कुणीतरी इंजिन चालवलं, पंपाचा रबरी पंखा जळला, तेव्हापासून कॉकला कुणी रात्री हात लावायचा नाही.

दिवेलागणीला कूलर बाहेर आला. हातभर लांबीचं नळकांडं, आत पातळ तांबूस नळ्यांची जुडी. एका बाजूला लाकडी बूच मारलं, दुसऱ्या बाजूला सायकलचा पंप जोडला आणि पाण्याने भरलेल्या टबात बुडवला. पुतण्याने पंप मारला. सगळे वाकून बघत होतो. पाणी स्थिर झालं आणि मधल्या एका नळीतून बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली. भाभीनेही ती बघितली, कारण टब तिचा होता.

"झिंक कुठं हाय याचं?" तात्यांनी विचारलं.

कूलरच्या अंगात एका पितळी बुचाला जस्ताची पेन्सिल लावलेली असते. दुकानात तिला झिंकच म्हणतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र असले की त्यातला एक झिजत जातो. जस्त सगळ्यांत आधी झिजतं, म्हणून ते मुद्दाम घालतात. ते झिजेल आणि नळ्या वाचतील. पण ते संपलं की पाळी नळ्यांची. म्हणून दर हंगामाला उघडून बघायचं, अर्धं झिजलं की बदलायचं. तात्यांनी बूच काढलं. नुसतं पितळी बूच. त्याला नखाएवढंसुद्धा जस्त नव्हतं.

माझ्या पोटात तेव्हाच खड्डा पडला. मी घरात गेलो. माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. उत्तरपत्रिकांचे जुने गठ्ठे, रिफिली, एक बंद घड्याळ आणि त्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली जस्ताची पेन्सिल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एका लग्नासाठी मुंबईला गेलो होतो. भाईने जुनं झिंक नमुन्याला दिलं होतं, तसंच नवं आण म्हणून. मी आणलं. बसवायला गेलो तर आटे जुळेनात. एकाचे इंची, दुसऱ्याचे मिलीमीटरचे. मी म्हटलं, पुढच्या खेपेला बदलून आणतो, तोवर जुनंच बसव. भाईने जुना तुकडा परत बसवला. त्यानंतर मी मुंबईला तीनदा गेलो. एकदा पुस्तकांची पिशवी भरून आणली.

कागद तसाच हातात घेऊन मी बाहेर आलो आणि भाईसमोर धरला. काय आहे ते त्याला उघडायच्या आधीच कळलं. मी म्हणालो, "भाई, हे माझ्याकडेच राहिलं."

तो बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. आटे बघितले. मला वाटत होतं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "दोन वर्षं मी तरी कुठं विचारलं," तो म्हणाला. मग तात्यांना म्हणाला, "उद्या कूलर मुंबईला पाठवूया का नवाच घेऊया?" तात्या म्हणाले, "नवा घे. एका नळीत बूच मारता येईल, पण बाकीच्या नळ्या तिच्याच वयाच्या."

खाऱ्या पाण्याला वेळ द्यायचा नसतो, म्हणून रात्रीच पुढचं काम केलं. कूलरच्या दोन्ही तेलाच्या नळ्या एका तुकड्याने एकमेकींना जोडून टाकल्या. स्वस्तातलं तेल, त्यात थोडं डिझेल, नवं फिल्टर. दहा-पंधरा मिनिटं हळू चालवलं, गरम असतानाच काढलं. पहिल्यांदा चहा निघाला, दुसऱ्यांदा मळकट, तिसऱ्यांदा काळं. तिसऱ्या खेपेला पट्टीवरचं तेल कंदिलासमोर धरून तात्या म्हणाले, "वाचला." इंजिनाला ते पुल्लिंगी बोलतात.

मध्येच भाईने मला त्याचा फोन दिला. "पोराला लाव."

"तूच लाव."

त्याने लावला. बाजूला जाऊन बोलला, पण खाडीवर रात्री आवाज लपत नाही. माफ कर असा शब्द आला नाही, तो भाईच्या तोंडात बसत नाही. "झिंक संपलं होतं. तुझं नव्हतं. तेलाचं तू बरोबर बघितलंस," एवढं आलं. मग बराच वेळ तो नुसता हं, हं करत होता. परत आला आणि म्हणाला, "हर्णैच्या होडीवर लागला. काल संध्याकाळीच. हंगाम संपेपर्यंत शब्द दिलाय म्हणतो." आणि थोड्या वेळाने, "तिकडं पगार पण बरा आहे." दुसऱ्या दिवशी भाईने त्याच्या आईकडे राहिलेला हिशेब पाठवला, त्यात एक आठवडा जास्तीचा. आईने तो आठवडा परत पाठवला. हे मला भाभीकडून कळलं, भाईने सांगितलं नाही.

नवा कूलर आठ दिवसांनी आला. त्याचं झिंक मी स्वतः आट्यांसकट मोजून घेतलं आणि दोन जास्तीची घेतली. ती खणात नाहीत, होडीत आहेत, डब्यावर तारीख घालून.

सोमवारी शाळेत गेलो तर उजव्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत काळं पडलेलं. सिल्व्हर नायट्रेटचा डाग साबणाने जात नाही, कातडीबरोबरच जातो. मतदानाच्या शाईतही तेच असतं. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, मतदान कुठं होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि फळ्याकडे वळून तारीख लिहिली. पाठीमागून मागच्या बाकावरचा एकजण हळूच दुसऱ्याला म्हणाला, "डाव्या हाताला लावतात रे."